माहूरचा वाघ

महानुभाव परंपरेतली एक कथा माहूरच्या डोंगरावर घडते. फलटणचे श्रीचक्रपाणी यात्रेकरूंबरोबर माहूरला, म्हणजे त्या काळच्या मातापुरास आले होते. डोंगराची वाट चढत असताना झाडीतून एक वाघ समोर आला. बरोबरची माणसे घाबरून पांगली. वाघाने चक्रपाणींच्या मस्तकावर पंजा ठेवला. तो वाघ म्हणजे श्रीदत्तात्रेय प्रभू, आणि त्या स्पर्शातून त्यांनी आपली शक्ती चक्रपाणींना दिली, असे पंथ मानतो. पुढे ती परंपरा ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंकडे आणि त्यांच्याकडून चक्रधरस्वामींकडे आली. मराठी गद्याचा आरंभ ज्या संप्रदायाच्या ग्रंथांत आपण शोधतो, त्याच्या गुरुपरंपरेतली एक कडी अशी वाघाच्या पंजाखालून गेली आहे.

श्रद्धेचा भाग श्रद्धावंतांचा. इतिहास वाचणाऱ्याला या कथेतली दुसरीच एक गोष्ट खुणावते. कथा सांगणाऱ्याला माहूरच्या वाटेवर वाघ असण्याचे नवल वाटत नाही. नवल आहे ते वाघाने पंजा मस्तकावर ठेवण्याचे. देवाला रूप घ्यायचे झाले तर त्या डोंगरावर ते वाघाचेच असणार, इतके ते जनावर तिथले होते. ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या आश्रयाला आलेल्या सशाची लीळा आहे, ती शाळेत आपण सर्वांनी वाचली. पारध्यांनी मागितलेला ससा स्वामींनी दिला नाही. त्या लीळेची आठवण अहिंसेच्या संदर्भात वारंवार निघते, माहूरच्या वाघाची फारशी निघत नाही. सशाला अभय देणे सोपे असते हे त्याचे एक कारण असावे.

माहूर हे रूढ अर्थाने थंड हवेचे ठिकाण नाही. मराठवाड्यात तसे म्हणायला खुलताबादजवळचे म्हैसमाळ. पण नांदेड-लातूरकडच्या माणसाला डोंगरावर जायचे म्हणजे माहूरला जायचे. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेली रेणुकामाता, पलीकडे दत्तशिखर, त्यापुढे अनसूयामातेचे शिखर, मध्ये रामगड ऊर्फ माहूरगड, खाली पैनगंगेचे खोरे आणि भोवती सागाचे रान. नांदेडहून अंतर सुमारे १३० किलोमीटर. लहानपणी एसटीने जाताना किनवटच्या अलीकडे रान सुरू झाले की बसमधली बडबड थांबायची, हे मला आठवते. घाटात कुणीतरी वडीलधारे हात जोडायचे. ते देवीला की रानाला, हे तेव्हा कळले नव्हते.

प्रश्न असा की हे रान टिकले कसे? मराठवाड्याचा बाकीचा बहुतेक मुलूख उघडा पडला असताना नांदेड जिल्ह्याच्या या ईशान्य कोपऱ्यात झाडी का उरली? आणि जी उरली ती राखण्यासाठी आपण काय केले?

जुन्या काळी डोंगर राखणारे दोघे: देव आणि किल्ला. महाराष्ट्रातल्या देवराया तोडल्या जात नसत त्या देवाच्या धाकाने, वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात त्यांचा शास्त्रीय अभ्यास केला आणि गावकऱ्यांच्या या रिवाजाला वनस्पतिशास्त्रात जागा मिळाली. किल्ल्याचे गणित निराळे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या घेऱ्यातली झाडी राखण्याविषयी कडक ताकीद आहे. शत्रूला वाट सापडू नये म्हणून तिथली काडीही तोडू द्यायची नाही, असा तिचा आशय. म्हणजे रान हाच तट. माहूरगडाच्या धन्यांची यादी लांबलचक आहे. गोंड राजे, बहामनी, पुढे वऱ्हाडची इमादशाही आणि निजामशाही, शेवटी मोगल. बापाविरुद्ध बंड केलेल्या शाहजहानने, तो शाहजादा खुर्रम असताना, १६२४च्या सुमारास आपले कुटुंब घेऊन या किल्ल्याचा आसरा घेतला होता. पोरवयाचा औरंगजेब त्या कुटुंबात होता. गड अवघड होता, आणि गड अवघड राहिला त्यात झाडीचा वाटा होता.

त्याच औरंगजेबाने पुढे माहूरच्या देशमुखीण सावित्रीबाईंना ‘रायबागन’ हा किताब दिला. रायबागन म्हणजे शाही वाघीण. उदाराम देशमुखांची ही पत्नी मोगलांच्या बाजूने लढत होती. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीच्या जंगलात कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांनी कोंडली, तेव्हा शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिने खानाला दिला. रानात फौज कशी अडकते हे माहूरच्या बाईला कळले, खानाला कळले नव्हते. हे जरा विषयांतर झाले. पण ज्या गावच्या देवाने वाघाचे रूप घेतले, त्याच गावच्या बाईला वाघिणीचा किताब मिळावा, हा योग सोडून पुढे जावेना.

निजामी अंमलात या डोंगराची कथा बदलते. पैनगंगेचा उत्तर तीर वऱ्हाडचा. १८५३ पासून तो इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. दक्षिण तीर हैदराबाद संस्थानात राहिला. माहूर ज्यात येत होते तो किनवट तालुका तेव्हा नांदेडात नव्हता, आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार प्रांतरचनेत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, तो नांदेडकडे आला. त्यामुळे मराठवाड्याच्या इतिहासात किनवट-माहूरच्या रानाची नोंद नेहमी उशिरा येते आणि तेलंगणाच्या इतिहासात ती मधेच तुटते. रानाला मात्र जिल्हे ठाऊक नाहीत. आदिलाबादच्या डोंगरातले गोंड, कोलाम, परधान आणि किनवटचे गोंड, कोलाम, परधान ही एकच माणसे आहेत. त्यांच्याशेजारी आंध आणि बंजारा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून संस्थानानेही इंग्रजांच्या वळणावर जंगले ‘राखीव’ करायला सुरुवात केली. नकाशावर रेघ ओढली गेली आणि रेघेच्या आत पिढ्यान्‌पिढ्या फिरती शेती करणारा कोलाम एका दिवसात अतिक्रमणदार झाला. चराईला दंड, लाकडाला दंड. या जुलमातून गोंड नेता कुमरम भीमचा उठाव झाला आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांनी त्याला ठार केले. सरकारला मग प्रश्न पडला की ही शांत माणसे उठली का, आणि त्याचा शोध घेण्यासाठी क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला आदिलाबादच्या गोंडांत पाठवण्यात आले. तो मारलवाई या गोंड खेड्यात राहिला. उठवलेल्या वस्त्या, हिरावलेल्या जमिनी, वनखात्याच्या शिपायांची लाचखोरी हे सर्व त्याने सरकारपुढे मांडले आणि त्यातून आदिवासींना जमिनीचे पट्टे देण्याचे काम सुरू झाले. राखीव रेघेच्या आतले रान उरले हे खरे. त्याची किंमत कुणी मोजली तेही तितकेच खरे. वन्यजीवरक्षणाच्या आपल्याकडच्या लेखनात पहिले वाक्य ठळक असते, दुसरे तळटीपेत जाते.

हे माहूरपुरतेच नाही. सह्याद्रीतल्या गोऱ्या साहेबांच्या गिरिस्थानांची कहाणी याच वळणाची आहे. जनरल लॉडविक १८२४ मध्ये महाबळेश्वरच्या पठारावर चढला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला ती हवा मानवली, आणि त्याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून खंडाळा हे गाव देऊन ती जागा कंपनीकडे घेतली. माल्कमपेठ वसली. चिनी कैदी आणून त्यांच्याकडून रस्ते आणि भाजीचे मळे करवून घेतले. साहेबाला सावली हवी, गारवा हवा, म्हणून झाडी राखणे आले. पण त्या डोंगरात धावड नावाचे लोहार लोक लोखंड गाळत होते. भट्टीला कोळसा लागतो, कोळशाला झाड. वनरक्षणाचा कायदा आला, भट्ट्या विझल्या, आणि धावडांचा पिढीजात धंदा गेला. झाडे वाचली याचा आनंद मानताना मला त्या विझलेल्या भट्ट्या नजरेआड करता येत नाहीत. अर्थात भट्ट्या चालू राहिल्या असत्या तर आज तिथे काय उरले असते, हाही प्रश्न आहेच, आणि त्याचे उत्तर भावनेने देता येणार नाही.

माथेरान ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये शोधले, असे आपण म्हणतो. तिथल्या धनगर-ठाकरांना ते हरवलेले नव्हते. १९०७ मध्ये पीरभॉय घराण्याने नेरळहून डोंगरावर छोटी गाडी नेली. मोटार मात्र माथ्यावर जाऊ दिली नाही. आजही ती दस्तुरी नाक्याला थांबते. त्यामुळे ८०० मीटर उंचीवरचे ते जंगल मुंबईच्या इतक्या जवळ असूनही शेकरूला फांदीवरून फांदीवर जाता येईल इतके सलग राहिले. स्वातंत्र्यानंतर हॉटेले आणि बंगल्यांचा रेटा वाढला, आणि या रेट्याला कायद्याचा बांध घालण्याची चळवळ मुंबईच्या पर्यावरणवाद्यांनी चालवली. आधार होता १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचा. मुरुड-जंजिरा १९८९ मध्ये, डहाणू १९९१ मध्ये, आणि मग १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी आणि ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान हे केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केले. अशा क्षेत्रात जमिनीचा वापर बदलणे, डोंगर फोडणे, झाड तोडणे, उंच इमारती बांधणे यांवर बंधने येतात आणि देखरेखीसाठी समिती नेमली जाते. बंधने मोडलीही जातात. महाबळेश्वरच्या बाजारात पाच मिनिटे उभे राहिले तरी ते दिसते. पण मोडायला काहीतरी आहे, आणि मोडले तर न्यायालयात जाता येते. हा फरक लहान नाही.

माथेरानची किंमत मात्र माणसांच्या खांद्यांनी मोजली. मोटार नाही म्हणून प्रवासी हातरिक्षेत बसायचा आणि दुसरा माणूस ती लाल मातीच्या चढावर ओढायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा माणुसकीला धरून नाही म्हणून सहा महिन्यांत बंद करण्यास आणि रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्यास सांगितले. स्वातंत्र्याला ७८ वर्षे होत असताना हे सांगावे लागले. एखादे रान शांत ठेवायचे तर ती शांतता कुणाच्या तरी घामावर उभी असते, आणि तो घाम हिशेबात धरायला आपण फार वेळ लावतो.

आता माहूरकडे वळू. या डोंगराला माथेरानसारखी स्वतंत्र अधिसूचना मिळालेली नाही. इथे साहेबाचे गिरिस्थान नव्हते, त्यामुळे डोंगराला बंगलेवाले वकील मिळाले नाहीत. जे मिळाले ते नदीच्या पलीकडे: १९८६ साली पैनगंगा अभयारण्य घोषित झाले. यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरचे सुमारे ३२५ चौरस किलोमीटरचे रान. तीन बाजूंनी पैनगंगेने वेढलेले, म्हणून हे नाव. साग, मोह, तेंदू, सालई, बांबू. जनावरांत अस्वल, बिबट्या, नीलगाय, चौसिंगा. अनेक वर्षे या अभयारण्याची ख्याती मुख्यतः सागचोरीच्या बातम्यांपुरतीच होती. वाघ नाही म्हणून पर्यटक नाही, पर्यटक नाही म्हणून सरकारचे लक्ष नाही, असा तो फेरा.

तो फेरा वाघानेच मोडला. पूर्वेला पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे. १९९७ मध्ये घोषित झालेले, अवघे १४८ चौरस किलोमीटरचे. तिथल्या टिपाई देवीवरून त्याचे नाव पडले, म्हणजे इथेही रानाची राखण देवीकडेच. संरक्षण चांगले झाले, वाघ वाढले, आणि जागा पुरेना. तरुण नराला आपला मुलूख शोधायला बाहेर पडावेच लागते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला टी-१ वाघिणीचा एक बछडा त्याच जूनमध्ये टिपेश्वर सोडून निघाला. आदिलाबाद, पैनगंगा अभयारण्य, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला करत तो डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तिथेही तो थांबला नाही; अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत जाऊन परतला. कॉलर काढेपर्यंत त्याच्या चालीची नोंद ३,००० किलोमीटरवर गेली होती. भारतात वाघाच्या प्रवासाची इतकी लांब नोंद तोवर झालेली नव्हती. वर्तमानपत्रांनी त्याला ‘वॉकर’ म्हटले. एवढ्या वाटेत तो कापसातून, तुरीतून, गावांच्या शिवारांतून गेला. तो विसावलेल्या झुडपात माणसे शिरली तेव्हा झालेली इजा सोडली, तर त्याने माणसाची वाट टाळली.

हा प्रवास सुखद वाटतो, पण याच पट्ट्यात त्याच्या आधीच्या वर्षी काय झाले ते विसरता येत नाही. राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका असलेल्या अवनी वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालण्यात आली. मुंबई-पुण्यात तिच्यासाठी मेणबत्त्या लागल्या. गावांत फटाके वाजले. दोन्ही बाजू एकमेकींना निर्दय म्हणत होत्या. शेतात कापूस वेचताना बाई गेली त्या घराला वाघाच्या संवर्धनाचे महत्त्व पटवायला जायची हिंमत मला झाली नसती.

तरी वॉकरच्या नकाशाने एक गोष्ट सिद्ध केली, जी महानुभावांच्या कथेत गृहीत होती: माहूर-किनवटचे डोंगर आणि पैनगंगेचे खोरे ही वाघाची वाट आहे. ती रुंद नाही. सागाचे पट्टे, ओढ्यांच्या काठची झाडी, पडीक डोंगरउतार यांची तुटक साखळी आहे. ही साखळी जिथे तुटेल तिथे वाघ आणि माणूस समोरासमोर येतील. आणि साखळीच्या ऐन मध्यावर लाखोंच्या यात्रेचे देवस्थान आहे.

रेणुकेच्या मंदिराला अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. अलीकडे वर जाण्यासाठी लिफ्ट आणि आकाशमार्गिकेचे काम हाती घेण्यात आले. त्याला सरसकट विरोध करणारे माझे काही मित्र आहेत. मी त्यांच्यात नाही. सत्तरीच्या बाईला पायऱ्या चढवत नाहीत म्हणून तिने खालूनच तांबूल घेऊन परतावे, असे म्हणण्याचा अधिकार गुडघे शाबूत असलेल्यांना नाही. माझी काळजी लिफ्टच्या मागून येणाऱ्या गोष्टींची आहे. रुंद रस्ता, त्यासाठी फोडलेला डोंगर, शिखरांमधल्या झाडीत पार्किंग, लॉज, रात्रभर जळणारे दिवे, घाटात फेकलेल्या प्लास्टिकवर वाढणारी माकडे आणि कुत्री. कुत्र्यांमागे बिबट्या गावात येतो, हे जुन्नरला शिकून झाले आहे. माथेरानने मोटार पायथ्याशी थांबवली. माहूरला ते शक्य आहे का? निदान नवरात्रात आणि दत्तजयंतीला खासगी गाड्या खाली ठेवून एसटीने वर नेणे अशक्य नाही. श्रावणी पौर्णिमेच्या परिक्रमेला हजारो माणसे या डोंगराला पायी फेरी घालतातच. रानातून पायी जाण्याची सवय मोडलेली नाही, हे माहूरचे भांडवल आहे.

लातूरकरांना वाटेल, यात आमचा संबंध काय? लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्काही नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते शहर हे. पाण्याच्या त्या टंचाईची कारणे अनेक, ऊस हे त्यातले मोठे. पण उघड्या बोडक्या माळांचा त्यात काहीच हात नाही असे कुणी म्हणणार नाही. लातूरला सर्वांत जवळचे म्हणावे असे रान धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या रांगेत: येडशी-रामलिंग घाट अभयारण्य, १९९७ मध्ये घोषित, जेमतेम २२ चौरस किलोमीटर. माथेरानची गाडी सुरू झाली त्याच १९०७ साली बार्शी लाइट रेल्वे येडशी ओलांडून तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. त्या अरुंद गाडीतून घाट पाहिलेले म्हातारे अजून भेटतात. त्यांच्या आठवणींत मोर येतात, लांडगे येतात. वाघ येत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या कॅमेऱ्यात वाघ आला. पट्टे जुळवून पाहिले तेव्हा कळले की तो टिपेश्वरचा. यवतमाळहून धाराशिवपर्यंत, मराठवाड्याच्या उभ्या पिकांतून, कॉलर नसल्यामुळे कुणालाही न कळता तो आला होता. दैव म्हणा की रानाची गरज म्हणा, त्याने निवडलेली जागाही शंभू रामलिंगाच्या देवळाभोवतीची. जनावरे मारली जाऊ लागली, गुराख्यांनी डोंगर सोडला, पंचनामे आणि भरपाईचे अर्ज सुरू झाले. त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेण्याचे ठरले, पथके आली, पिंजरे लागले. महिनोन्‌महिने तो हाती लागला नाही. सायंकाळी रामलिंगला जाणारे बार्शी-लातूरचे भाविक अंधार पडायच्या आत परतू लागले, आणि परतताना घाटाकडे एकदा वळून पाहू लागले.